लाजेवर चालणारे काढ्याचे दुकान

वृषणाचा कॅन्सर प्रामुख्याने 15 ते 35 वयाच्या तरुणांना होतो. अंडात न दुखणारी गाठ येते आणि पोरगा लाजेपोटी ती लपवतो. या लाजेवरच जडीबुटीवाल्यांचे दुकान चालते. ‘ऑपरेशन नको, काढा घ्या’ हे ऐकायला गोड वाटते. पण त्यात महिने जातात आणि कॅन्सर पोटात, फुप्फुसात पसरतो.

वास्तविक, 1974 साली अमेरिकेत डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन, विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन ही औषधे एकत्र वापरली. तेव्हापासून पसरलेला आजारही बहुतेकांचा बरा होऊ लागला. यातले विनब्लास्टिन अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळते. मग सदाफुलीचा काढा का नको? कारण तो अर्क शुद्ध करून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासून मगच औषध झाला. काढेवाल्याने यातले काय केले?

कॅन्सर बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी भिंती रंगतातच. अंमलबजावणी कोण करणार? श्रीमंताचा मुलगा थेट मोठ्या इस्पितळात जातो. काढ्यावर अडकतो तो आपला. तेव्हा बांधवांनो, गाठ लागताच सरकारी रुग्णालय गाठा, सोनोग्राफी करून घ्या. वेळेत उपचार झाले तर जवळजवळ सगळे वाचतात.