एवढ्याशा केसांची काय वेणी?

आपल्याकडे बाईच्या डोक्याविषयी बोलण्याचा अधिकार कुणालाही आहे. डोक्यात काय आहे याची चौकशी सहसा होत नाही. डोक्यावर काय आहे, किती आहे, आणि ते कमरेच्या वर संपतं की खाली, याची काळजी मात्र सगळ्या गावाला. लांबसडक केसांची मुलगी म्हणजे जणू दोन एकर धानाची बांधी नावावर घेऊनच जन्माला आलेली. आखूड केसांची ती भूमिहीन. आणि या भूमिहीन मुलीनं कधी हौसेनं फणी हातात घेतलीच, तर घरातली कुणीतरी वडीलधारी एक वाक्य बोलते. आमच्या गोंदियाकडे ते असं बोलतात : ‘एवढ्याशा केसांची काय वेणी घालून राहिली वो?’

या वाक्याशी माझं भांडण आहे. आजवर ते मी लग्नघरांच्या मागच्या खोल्यांतून, तोंडात आकडे धरून, भांडत आले. तोंडात आकडे असले की माणसाला नीट भांडता येत नाही. म्हणून आज लेखणी हातात घेतली.

माझ्या अधिकाराबद्दल दोन शब्द सांगते. मी पार्लर चालवत नाही. पण आमच्या गणगोतात नवरीची वेणी मीच घालायची, असा रिवाज पडून गेला आहे. तिरोडा असो, आमगाव असो, सालेकसा असो, अक्षता वाटल्या जाण्याआधी माझी आकड्यांची डबी तिथं पोचलेली असते. गोंदिया पडलं जंक्शन. मुंबई-हावडा रस्ता इथूनच जातो आणि बालाघाटकडचा फाटाही इथूनच फुटतो. त्यामुळे एका वेणीला मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तीन भाषांतून सूचना ऐकायची मला सवय आहे. तिन्ही भाषांत लांब केसांचं कौतुक सारखंच होतं, आणि आखूड केसांची कीवही.

आता गंमत पाहा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की एवढ्याशा जिल्ह्याचा काय नकाशा काढायचा! रीतसर नकाशा निघाला, कलेक्टर आले, पाट्या बदलल्या. जिल्ह्याला जो न्याय, तो बिचाऱ्या केसांना का नाही?

माझं म्हणणं अगदी साधं आहे. वेणी ही केसांच्या लांबीची नसते, घालणाऱ्या हाताची असते. प्रत्येक लांबीला तिची तिची वेणी आहे. ती आपल्याला येत नसेल, तर आपण शिकावं. मुलीच्या केसांना नावं ठेवू नयेत. गवंड्याला वीट बसवता आली नाही, तर आपण विटेला बोल लावतो काय?

कमरेपर्यंतचे केस घ्या. त्यांची तिपेडी कुणीही घालतं. जरा हौस असली तर चौपेडी, पाचपेडी, आणि खजुरी. खजुरीत केसांचे दोनच भाग करायचे, आणि एकाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट उचलून दुसऱ्याच्या आतल्या कडेला द्यायची, मग उलट. शिंदीची चटई विणावी तशी ती उतरत जाते. काम सुरेख दिसतं, पण खरं सांगू? लांब केसांवर वेणी घालणं म्हणजे भरल्या कोठीतून पायलीभर तांदूळ काढणं. त्यात कर्तबगारी ती काय?

खांद्यापर्यंतचे केस आले, की खरी परीक्षा. पेड नागमोडी जातो, त्यामुळे वेणी नेहमी केसांपेक्षा आखूड होते. खांद्यापर्यंतच्या केसांची साधी तिपेडी घातली तर उंदराची शेपटी हाती येते. इथं सागरवेणी हवी. टाळूवर तीन बारीक पेड घेऊन सुरुवात करायची, आणि प्रत्येक फेऱ्याला बाजूची थोडी थोडी बट आत घेत मानेपर्यंत यायचं. वरचा केस जिथं संपतो, तिथं खालचा केस कामावर हजर झालेला असतो. आमच्या जंक्शनवर गाडीचे ड्रायव्हर बदलतात तसंच हे. गाडी मुंबईहून हावड्याला जाते, म्हणून काही एकच ड्रायव्हर सबंध रस्ता चालवत नाही! हल्ली हिलाच ‘फ्रेंच’ म्हणतात आणि त्या नावाचे निराळे पैसे घेतात. आमच्या आजीला फ्रान्स कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं, पण सागरवेणी मात्र ती डोळे मिटून घालायची.

हनुवटीपर्यंत कापलेले केस असले तर कपाळाच्या कडेनं, कानापासून कानापर्यंत, पिळाची वेणी घालावी. दोन पेड घ्यायचे, दोन्ही उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांवर डावीकडे गुंडाळायचे. दोन्ही पीळ सुटायला बघतात आणि एकमेकांना सुटू देत नाहीत, म्हणून वेणी टिकते. (काही संसारही याच तत्त्वावर टिकतात, पण तो विषय वेगळा.) तणसाचा दोर वळणाऱ्या आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही विद्या येते. फक्त त्याला कुणी ‘हेअर स्टायलिस्ट’ म्हणत नाही.

हे सगळं शिकायला क्लासच हवा, असंही नाही. खिडकीच्या गजाला तीन रंगांच्या लोकरी बांधाव्या आणि हात बसवावा. पेड सारख्या जाडीचे, ओढ सारखी, आणि केस किंचित ओलसर, एवढी तीन पथ्यं पाळली की पंधरा दिवसांत हात वळतो. मग एखादी सोशीक भाची पकडावी. सोशीक भाची ही लोकरीपेक्षा दुर्मिळ असते, तेव्हा तिला आधी चिवडा द्यावा.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. ‘पण लांब केस सुंदर दिसतात की नाही?’ दिसतात. शंभरदा दिसतात. पण त्यात त्या मुलीची बहादुरी किती? डोक्यावरचा केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. एक केस वाढत किती वर्षं राहणार, दोन की सहा, हे ज्याच्या त्याच्या रक्तातच ठरलेलं असतं. मुदत संपली की तो गळतो आणि त्याच्या जागी नवा उगवतो. हिशेब तुम्हीच करा : दोन वर्षांची मुदत असेल तर बारा इंच, सहा वर्षांची असेल तर छत्तीस. म्हणजे एकीला जन्मतःच खांद्यापर्यंतचं तिकीट मिळालेलं आणि दुसरीला कमरेच्याही खालपर्यंतचं. यात माका, ब्राह्मी, शिकेकाई आणि सासूबाईंचे टोमणे, यांपैकी कशानंही तिकीट पुढं वाढवून मिळत नाही. आणि वेणी लांब दिसावी म्हणून रोज करकचून ओढली, तर कपाळाकडचे केस विरळ होत जातात, ते वेगळंच. लांबी मिळत नाही ती नाहीच, वर कपाळ मात्र वाढतं.

पण तिकिटाची तपासणी थांबत नाही. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींत एखादी बाई असायचीच, जी ‘ये गं बाई, बस अशी जवळ’ म्हणत मायेनं पाठीवरून हात फिरवायची आणि त्याच हातानं वेणीला हलकेच हिसका द्यायची. खरी आहे की गंगावन, ते कळावं म्हणून! बाजारात म्हैस घेताना दात बघतात, पण तिथं निदान म्हशीला ‘ये गं बाई’ म्हणण्याचं ढोंग नसतं.

या हिसक्याच्या भीतीतूनच गंगावनाचा धंदा फोफावला. आमच्याकडे लग्नं भर उन्हाळ्यात. मे संपता संपता नवतपा लागतो, सावलीतसुद्धा जीव नकोसा होतो, आणि त्यात नवरीच्या मानेवर दुसऱ्याच कुणाच्या केसांचं हातभर ओझं! तिरुपतीला भाविक केस उतरवून देवाला वाहतात आणि देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं. त्यातलेच चार पेड फिरत फिरत आपल्या बाजारात येत असतील, तर मजाच म्हणायची. एकीनं देवाच्या पायी वाहिलेला अभिमान दुसरी आकड्यांनी डोक्यावर अडकवून घेते.

कुणी म्हणेल, बाई, थट्टेचा विषय आहे, एवढ्या का रागावता? तर सांगते.

आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या मुलीला टायफॉइड झाला. ताप उतरला, पोर हिंडूफिरू लागली, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. मोठ्या तापानंतर असं होतं. तो आपला हिशेब मागाहून वसूल करतो. शेवटी होते ते केस कापून टाकले. थोरल्या बहिणीचं लग्न आलं तेव्हा ते जेमतेम चार बोटं वाढले होते. पोरीचं वय अकरा. लग्नघरात जो येई तो सल्ला देई. रुमाल बांधा. पदर घ्यायला लावा. फोटोत मागच्या रांगेत उभी करा, म्हणजे दिसणार नाही. यातलं कुणीही दुष्ट नव्हतं हो! सगळे मायेनंच बोलत होते. मायेनं बोललेलं जास्त लागतं, कारण त्याला उलटून उत्तर देता येत नाही. पोर तांदळाच्या पोत्यांमागं जाऊन बसली आणि म्हणाली, ‘मला फोटोच नको.’

चार बोटं केसांचीही वेणी होते. आफ्रिकेतल्या बायका शतकानुशतकं टाळूलगत ओळींच्या वेण्या घालत आल्या आहेत. अमेरिकेत त्यांना मक्याच्या ओळींवरून ‘कॉर्नरो’ असं नाव पडलं. नाव ठेवणारा जुलै महिन्यात आमच्या गोंदियात आला असता, तर त्यानं खात्रीनं रोवणीवरून ठेवलं असतं. बांधीत पऱ्हे ओळीनं रोवावेत तशा मी तिच्या डोक्यावर कपाळापासून मागं सहा ओळी घातल्या. सागरवेणीचाच प्रकार, फक्त बारीक. ओळीओळीत मोगऱ्याच्या कळ्या खोवल्या. सव्वा तास लागला. बाहेरून तीनदा विचारणा झाली, ‘एवढ्याशा केसांना एवढा वेळ?’ बरोबर आहे. केस जितके आखूड तितका वेळ जास्त लागतो. म्हणूनच ‘एवढ्याशा केसांची काय वेणी’ या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘तुझ्यासाठी मला एवढा वेळ नाही’ असा असतो. मुलींना तो बरोबर कळतो.

पोर फोटोत पुढच्या रांगेत उभी राहिली. आज तिचे केस खांद्यापर्यंत आहेत, आणि तिथंच थांबणार अशी चिन्हं आहेत. तिला त्याचं काहीही वाटत नाही.

राहता राहिली परंपरा. लांब केस ही आपली परंपरा, असं मला फार ऐकवलं जातं. परंपरेचं तर बोलूच नका! ज्या समाजानं सुनेचे केस कौतुकानं मोजले, त्याच समाजात ती सून विधवा झाली की न्हाव्याला बोलावून तेच केस उतरवले जात. म्हणजे केस तिचे कधी नव्हतेच. लांब असतानाही नव्हते आणि गेल्यावरही नव्हते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही, असं ठरवून संप केला. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. घराघरांतल्या शहाण्यासुरत्यांना जे कळलं नाही, ते त्यांना कळलं, की बाईच्या केसांचं काय करायचं ते बाईला विचारावं. परंपरा सांगायचीच, तर मला ही सांगा.

आणि दुसरीही एक आहे. पंढरीच्या विठोबानं जनाबाईची वेणीफणी केली, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. दासी जनी, दळणकांडणातून जिला केसांकडे बघायलासुद्धा सवड नाही, तिच्यासाठी देव विटेवरून उतरला आणि मागं बसून केस विंचरू लागला. त्यानं आधी टेप लावून लांबी मोजली, असं मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकलेलं नाही. ‘एवढ्याशा केसांची काय वेणी’ असंही तो म्हणाला नाही. शिवाय तो पुरुष होता, ही गोष्ट पेपर पुढ्यात धरून ‘पोरीची वेणी बाकी आहे, शाळेला उशीर होतोय’ असं स्वयंपाकघराकडे ओरडणाऱ्या तमाम वडील मंडळींनी ध्यानात घ्यावी. लोकर आणि खिडकीचा गज त्यांच्यासाठीही मोकळा आहे.

तेव्हा लांब केसवाल्यांवर माझा राग नाही. त्यांच्या वेण्या खुशाल गुडघ्यापर्यंत जावोत, मी आनंदानं घालून देईन. राग आहे तो मोजपट्टीवर. समोर फणी घेऊन बसलेल्या मुलीला ‘आधी वाढव, मग बघू’ असं सांगू नका. तिला जवळ घ्या, पाठमोरी बसवा आणि जेवढे आहेत तेवढ्यांना हात घाला. केस वाढायचे तेव्हा वाढतील. लग्न परवाचं आहे.