टरफलांचा व्यापार

शेंगा कोणी खाल्ल्या आणि टरफले कोणी टाकली, हा प्रश्न लोकमान्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या कथेमुळे प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून गेलेला असतो. तो आज आपल्या व्यापारी जगास विचारण्याची पाळी आली आहे. जिला कारखाना नाही, पेढी नाही, नोकरवर्ग नाही. आहे तो केवळ नोंदणीचा क्रमांक, बँकेतील खाते आणि कागदावरचा पत्ता, अशा कंपनीस ‘शेल कंपनी’, म्हणजे टरफलच, म्हणतात.

यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हिशेबाबाहेरची रोकड दलालाच्या हाती पडते. तो ती अशा पाच-सात कंपन्यांच्या खात्यांतून फिरवितो आणि अखेर मूळ धन्याच्याच कंपनीत, भरमसाट अधिमूल्याने समभाग घेऊन, भांडवल म्हणून आणून सोडतो. दलाली तेवढी कापली जाते. घरचाच पैसा पाहुणा होऊन घरी येतो! एका पोलाद कंपनीच्या अशाच 17 कोटी 60 लक्ष रुपयांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुंबई, कोलकाता व गुवाहाटी येथील कंपन्यांनी ही रक्कम गुंतविल्याचे दाखविले होते. प्राप्तिकर खात्याने चौकशी केली, तेव्हा त्यांतील काही दिलेल्या पत्त्यांवर आढळल्याच नाहीत. कागदपत्रे पुढे केल्याने भागत नाही, गुंतवणूकदार खरा असल्याचे पैसे घेणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने 2019 मध्ये दिला.

2017 मध्ये सरकारने सुमारे 2 लक्ष 24 हजार कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली. त्यांपैकी 35 हजारांच्या 58 हजार खात्यांत नोटाबंदीनंतर 17 हजार कोटींहून अधिक रुपये भरून काढले गेले, असे सरकारनेच सांगितले. परंतु नाव खोडणे म्हणजे चोर पकडणे नव्हे. संचालक म्हणून सही करणारा पुष्कळदा एखादा शिपाई वा मोटारचालक असतो. चार पैशांसाठी त्याने सही केली. नोटीस येते ती त्याच्याच दारी.

सरसकट झोड उठविणेही आम्हांस मान्य नाही. भावी उद्योगासाठी कंपनी निष्क्रिय ठेवण्यास कायद्याच्या 455 व्या कलमाची मुभा आहे. ऑगस्ट 2017 मध्ये सेबीने 331 संशयित कंपन्यांच्या समभागांवर एकदम निर्बंध घातले आणि त्यांतील काहींनी अपील न्यायाधिकरणाकडून तत्काळ स्थगिती मिळविली. 2013 च्या कंपनी कायद्यात शेल कंपनीची व्याख्याच नाही, मग दुसरे काय होणार?

दहा टक्के वा अधिक लाभहक्क असणाऱ्या खऱ्या माणसाचे नाव उघड करण्याचे बंधन 90 वे कलम व 2018 चे नियम घालतात. त्यांच्या आधारे खोडलेल्या कंपन्यांमागील किती धनी हुडकले गेले, तो आकडा सरकारने संसदेपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे.