कोंबड्यांची मोजदाद होते, माणसांची?

(द्वितीय वर्ष, कला)

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. मी तेव्हा दहावीत होते. शहापूर तालुक्यातील वेहळोली या गावी एका पोल्ट्रीतील शंभराच्या आसपास पक्षी एकाएकी मेले. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला, की हा बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ आहे. त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचे ठरले. वर्तमानपत्रांत बातमी आली, आणि बाजारात कोंबडी घेणारी माणसे दोन पावले मागे सरली.

आमची वाडी मुरबाड तालुक्यात. दोन्ही तालुक्यांची शीव एकमेकीला लागलेली. आमच्या घरी त्या बातमीचा अर्थ निराळा होता. माझी आई पोल्ट्रीवर कामाला जाते. वडील रात्री कोंबड्यांची गाडी भरायला जातात. त्या आठवड्यात गाडी आली नाही, म्हणून मजुरीही आली नाही. कोंबडी खावी की न खावी, ही चर्चा सगळीकडे चालली होती. कोंबडी हातात धरणाऱ्यांचे काय, असे मात्र आमच्या वाडीवर येऊन कोणी विचारले नाही.

मित्रहो, या रोगाची भीती आपण चुकीच्या जागी बाळगतो, असे मला वाटते. नीट शिजवलेल्या मांसात वा अंड्यात हा विषाणू टिकत नाही. सत्तर अंश उष्णतेला तो मरतो, आणि आपल्याकडचा रस्सा त्याहून कितीतरी अधिक उकळतो. म्हणजे ताटापाशी धोका जवळजवळ नाही. धोका शेडमध्ये आहे. रोगी पक्ष्याच्या विष्ठेत, लाळेत आणि नाकातील स्रावात हा विषाणू असतो. शेडमध्ये जमिनीवर भाताचे तूस पसरलेले असते. चाळीसेक दिवस त्यावर विष्ठा पडते, वाळते, आणि खोऱ्याने उलथताना तिची धूळ उडते. ती धूळ नाकात जाते, डोळ्यांत जाते. रात्री गाडी भरताना एकेका हातात चार-पाच कोंबड्या पायांनी उलट्या धरायच्या. त्या पंख फडफडवतात ते माणसाच्या तोंडासमोरच. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मी स्वतः शेड झाडायला गेले आहे. घरी आल्यावर दोनदा साबण लावला तरी वास जात नाही, आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरत राहतात.

कोणी म्हणेल, 'पण माणसांना हा रोग होतो कुठे?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. हा रोग माणसाला सहजासहजी होत नाही. पक्ष्यांचा विषाणू ज्या पेशींना चिकटतो, तशा पेशी माणसाच्या नाका-घशात थोड्या असतात. फुप्फुसात खोलवर आणि डोळ्यांच्या आवरणात मात्र असतात. म्हणून लागण क्वचित होते, पण फुप्फुसात उतरली तर माणूस वाचणे कठीण. हाँगकाँगमध्ये १९९७ साली प्रथम १८ माणसांना ही लागण झाली आणि त्यांतील ६ दगावली. २००३ पासून २०२५ पर्यंत जगभरात हजाराच्या जवळपास लोकांना लागण झाल्याची नोंद आहे. त्यांतील जवळजवळ निम्मे मेले. आपल्या देशात २०२१ साली हरियाणातील एका मुलाचा या रोगाने बळी घेतला.

मात्र 'नोंद' या शब्दापाशी थोडे थांबावे लागते. नोंद कोणाची होते? जो तपासला जातो त्याची. अमेरिकेत २०२४ साली हा रोग दुभत्या गाईंमध्ये शिरला. तेव्हा मिशिगन आणि कोलोरॅडो या दोन राज्यांतील गोठ्यांवर काम करणाऱ्या ११५ माणसांचे रक्त तपासले. त्यांतील ८ जणांना लागण होऊन गेल्याचे दिसले, आणि त्या आठांपैकी निम्म्यांना आपण आजारी पडल्याचे आठवतही नव्हते. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. २०१९ साली मेळघाटातील सतरा महिन्यांच्या एका कोरकू बालकात बर्ड फ्लूचा दुसरा एक प्रकार, एच९एन२, सापडला. माणसात तो आढळल्याची भारतातील ही पहिली नोंद. ती कशी झाली? मेळघाटातील बालकांच्या श्वसनरोगांचा शास्त्रज्ञ गावोगाव जाऊन अभ्यास करत होते, म्हणून झाली. शोधले म्हणून सापडले. आमच्या शेडमध्ये कोणी शोधलेच नाही. मग तेथे काही नाही, हे कशावरून म्हणायचे?

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग देशात पहिल्यांदा आला, तेव्हापासून बरीच व्यवस्था उभी राहिली आहे. पक्षी नष्ट करणाऱ्या पथकाला अंगभर पोशाख, हातमोजे, चष्मा आणि औषध मिळते. त्यांच्या प्रकृतीवर काही दिवस लक्ष ठेवले जाते. दहा किलोमीटरपर्यंत पक्ष्यांची पाहणी होते. मालकाला भरपाई मिळते. २०२१ साली अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि मांसाच्या मोठ्या कोंबडीला ७० रुपये असा दर होता. अंड्याला आणि खाद्यालाही दर होता.

हे सारे योग्यच आहे. पण दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी, की ही सारी दक्षता अहवाल आल्यानंतरची. मरतूक सुरू झाल्यापासून अहवाल येईपर्यंतच्या दिवसांत मेलेल्या कोंबड्या कोण उचलते? माझ्या आईसारखी बाई, उघड्या हातांनी. गाडी भरणारे तर आज या शेडवर, उद्या त्या शेडवर. ते कोठे कोठे गेले होते, हे सांगणारा एकही कागद नसतो. दुसरी अशी, की त्या दरपत्रकात कोंबडी आहे, अंडे आहे, खाद्य आहे. मजुराचा रोज नाही. शेड महिनोन्महिने बंद राहिली तर चूल कशावर पेटवायची? मग ताप आला तरी माणूस बोलत नाही. बोललो तर काम जाईल, इतरांचेही जाईल, ही भीती. असे झाकून ठेवणे हेच साथीला सर्वांत सोयीचे.

मालकांनाही मी सरसकट दोष देत नाही. आमच्याकडचे पुष्कळ पोल्ट्रीवाले स्वतःच कर्ज काढून शेड बांधलेले शेतकरी आहेत. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, आणि यांच्या वाट्याला किलोमागे ठरलेली रक्कम. एप्रिलमध्ये पत्र्याखाली तोंड बांधून काम करणे किती कठीण, हेही मला ठाऊक आहे. पण गमबूट, हातमोजे, चष्मा, शेडवरच ठेवायचे कपडे आणि हात धुवायला साबण-पाणी, एवढे तरी अशक्य नाही.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला बरेच दिवस लागले. २०२४ च्या पावसाळ्यात आईला ताप आला, डोळे लाल झाले. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारले, 'काम काय करता?' आई म्हणाली, 'मजुरी.' मी शेजारी उभी होते. 'पोल्ट्रीवर जाते' हे दोन शब्द मी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण आमच्या मागे रांगेत माझ्या वर्गातील एक मुलगी होती. घराण्यात पहिली महाविद्यालयात गेलेली मी. आई कोंबड्यांची घाण काढते हे वर्गात कोणाला कळू नये, असे मला वाटत होते. घरी जाताना आईला विचारले, तर ती म्हणाली, 'मजुरी सांगितली ना, अजून काय सांगाचा?' चार दिवसांनी ताप उतरला. तो बर्ड फ्लू होता असे माझे म्हणणे नाही. बहुधा साधाच ताप होता. पण नसता साधा, तर? डॉक्टरांना कळण्याचा एकच मार्ग होता आणि तो मी बंद केला होता.

व्यवस्थेकडून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात आपल्या हद्दीतील शेडवर काम करणाऱ्यांची नावे असावीत. शेड बंद झाली तर पक्ष्यांच्या भरपाईबरोबर मजुरांना बुडालेला रोज मिळावा. ताप घेऊन येणाऱ्याला प्रत्येक डॉक्टरांनी 'कोंबड्या, गुरे हाताळता का?' असे विचारून केसपेपरवर लिहावे.

आणि आपण? आपल्या वर्गात माझ्यासारखी आणखी मुले-मुली असतील, हे मला माहीत आहे. सुटीत त्यांच्याही हातांना तोच वास येत असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गाव झाडतो. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की येत्या शिबिरात एक दिवस शेडवर जाऊन तेथे काम करणाऱ्यांची यादी आपण करावी, आणि ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यावी. एका वहीचे काम आहे. त्या वहीत पहिले नाव मी माझ्या आईचे लिहीन. तिला विचारले आहे. ती म्हणाली, 'लिही. पण बापाचाही लिही, तो रातचा जातो.'