संगणकाला आज्ञा कोणी द्यायची?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार काढून घेतला. वसईतील एखाद्या शाळेत किंवा विरारमधील गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असेल, तर तो धडधाकट असूनही नव्या आवृत्तीच्या अटींत बहुधा बसत नाही. यंत्राचे पैसे मोजले संस्थेने. ते निकामी केव्हा, हे ठरविते दूरची कंपनी. मालकी आणि ताबा यांतील हा फरक कामगार चळवळीला नवा नाही.

पर्याय आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला ग्नू प्रकल्प आणि १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिहिलेला लिनक्सचा गाभा यांतून उभी राहिलेली प्रणाली कोणालाही वापरता, तपासता व बदलता येते. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात. परंतु परवाना मुक्त असल्याने वापरणारा आपोआप मुक्त होत नाही. विरार लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या प्रवाशाच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच; त्या प्रवाशाच्या हाती त्यातून काय आले? गायरान सर्वांचे, पण लाभ गुरे असणाऱ्यांचा, तशी ही गत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी टर्मिनलची भीती सोडून कमांड लाइन शिकली पाहिजे. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना संगणकापुढे बसविले, हे त्याचे श्रेय. पण शिकविले ते मुख्यतः एकाच कंपनीच्या चित्रांवर टिचकी मारणे.

इंग्रजी येत नाही, ही सबब येथे फारशी टिकत नाही. ‘सीपी’ने प्रत निघते, ‘एमव्ही’ने फाइल हलते, ‘एलएस’ने यादी मिळते; ही अक्षरे लंडनच्या माणसालाही पाठच करावी लागतात. (‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा खड्डे बुजवीत नाही, आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत एवढेच सांगते.) फाइलींची नावे आणि मजकूर मराठीत चालतो. समजा, नालासोपाऱ्यातील पाण्याच्या व रस्त्यांच्या तक्रारी साध्या मजकुराच्या फाइलींत, एका ओळीत एक, अशा उतरविल्या आहेत. ‘ग्रेप’ला ‘टँकर’ हा शब्द दिला की तो असलेल्या ओळी समोर येतात. त्या ‘डब्ल्यूसी’कडे वळविल्या की त्यांची मोजदाद होते. महापालिकेपुढे न्यायच्या निवेदनाला आकडा मिळतो, तोही क्षणात. ‘आरएम’ मात्र जपून वापरावी. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत थांबत नाही.

पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सविषयक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत, आणि विनामूल्य. वसई-विरारमधील शाखांनी एक अडगळीतला संगणक आणि रविवारचे दोन तास एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू करावा. पहिल्याच दिवशी ‘मॅन’ शिकवावी. प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका ती उघडते. ही पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत आहे. तिची पाने मराठीत उतरविणे हे वर्गाचे पहिले काम ठरावे.