उवांपेक्षा लाज घातक

रविवारी दुपारी न्हाऊन आलेल्या मुलीला पुढ्यात घेऊन आई किंवा आजी फणीने तिच्या उवा काढत बसली आहे, हे दृश्य सातारा-सांगलीकडच्या गावांत सोप्यात, अंगणात सहज दिसे. आता हे काम दार लावून होते किंवा होतच नाही. 'आमच्या मुलीच्या डोक्यात उवा? शक्यच नाही!' असे म्हणण्यात इभ्रत वाटते. या इभ्रतीची किंमत मुली मोजतात.

ऊ अस्वच्छतेने होत नाही. तिळाएवढा हा कीटक उडत नाही, उड्याही मारत नाही. डोक्याला डोके लागले की तो इकडून तिकडे जातो. म्हणूनच एका बाकावरच्या मैत्रिणी आणि एका अंथरुणातली भावंडे यांच्यात उवा पसरतात. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही त्या होतात. कपड्यांत राहणारी ऊ टायफस पसरवते, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये दाखवले. डोक्यातली ऊ तसा आजार पसरवत नाही. त्रास होतो तो खाजेचा, खाजवून झालेल्या जखमांत पू होण्याचा आणि झोपमोडीचा.

खरा धोका लपवाछपवीत आहे. कोणाला कळू नये म्हणून डोक्याला रॉकेल चोळले जाते. चुलीजवळ अशा केसांनी पेट घेतला तर जीव जातो. काही घरांत द्राक्षबागेसाठी आणलेले फवारणीचे औषधच केसांना लावतात. ते कातडीतून रक्तात जाते आणि विषबाधा होते.

दुर्लक्षाचे दुसरे टोक म्हणजे जट. न विंचरलेला गुंता, लिखा आणि जखमांतला स्राव यांनी केस चिकटत जातात. मग ती देवीची आज्ञा ठरते. पूर्वी अशा मुली देवाला सोडल्या जात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत घालून अशा जटा कापत आले आहेत. वेळेवर फिरलेली फणी हे काम कितीतरी आधी करू शकते.

आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांचे डोके पाहावे. ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावून, चांगल्या उजेडात, बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. कानांमागे व मानेवर नीट पाहावे. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. जिवंत ऊ दिसली तरच औषध लावावे. एक टक्का परमेथ्रिनचे लोशन दहा मिनिटे ठेवून धुवावे. लिखा त्यातून वाचू शकतात, म्हणून साधारण नऊ दिवसांनी पुन्हा लावावे. तान्ही मुले व गर्भवतींसाठी डॉक्टरांना विचारावे. घरातल्या ज्यांच्या डोक्यात उवा असतील, त्या सर्वांवर एकाच दिवशी उपचार करावेत. नाहीतर एकीच्या उवा दुसरीकडून परत येतात.

शाळांनीही उवा झालेल्या मुलीला वेगळे बसवू नये, घरी पाठवू नये. वर्गासमोर नाव घेण्याऐवजी सगळ्याच पालकांना एकदम सूचना द्यावी. सर्दी झाली म्हणून कोणी मान खाली घालत नाही. उवांसाठीही घालायचे कारण नाही. फणी पुन्हा सोप्यात, उजेडात यायला हवी.