चरबी वितळविणाऱ्यांना पुरावा कोण मागणार?

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापकाने मोजले, क्ष-किरणांची मदत घेतली. योगावर त्यांची नितांत श्रद्धा होती, तरीही त्यांनी योगालाच पुरावा मागितला. आज योग, निसर्ग आणि आयुर्वेद या शब्दांना जी पत आहे, तिच्यात लोणावळ्याच्या या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. ती पत गहाण टाकून आता वजन घटविण्याच्या गोळ्या, भुकट्या आणि काढे विकले जातात. पुरावा मागणारा मात्र परंपराद्रोही ठरतो!

चळवळीतल्याच काही मंडळींना हा विषय क्षुल्लक वाटतो. मावळातील कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर पोटभर अन्नाची भ्रांत असताना लठ्ठांच्या गोळ्यांची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आणि सुमारे २३ टक्के प्रमाणापेक्षा स्थूल आढळल्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे स्थूलता आणि कुपोषण एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात नांदतात. बारा तासांची पाळी, हातगाडीवरचा वडापाव आणि झोपेचे खोबरे यांतून तळेगावच्या कारखान्यातल्या कामगाराचे वाढलेले पोट हे श्रीमंतीचे लक्षण नव्हे. आणि साखळी-विक्रीचा सौदागर बंगल्यांपुरता थांबत नाही. वडगाव-कामशेतच्या एखाद्या गृहिणीला तो आधी गिऱ्हाईक करतो, मग ‘आरोग्य सल्लागार’ अशी पदवी देऊन तिच्याच नातेवाइकांच्या दारी पाठवितो. नफा वर जातो. फसवणुकीचे खापर तिच्या माथी फुटते.

या गोळ्यांचा इतिहास निस्तरण्याचाच इतिहास आहे. फेनफ्लुरामीनने हृदयाच्या झडपा बिघडतात हे कळल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढले गेले, १९९८ मध्ये भारतात बंदी आली. रिमोनाबान्टने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार बळावतात असे दिसून आले. त्यावर आपल्याकडे २००९ मध्ये बंदी आली. सिब्युट्रामीनने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो हे सुमारे दहा हजार रुग्णांवरील चाचणीत सिद्ध झाले आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. ही सारी रीतसर मान्यता मिळालेली औषधे होती. त्यांचा दोष उघड झाला, कारण त्यांची तपासणी करण्याची सक्ती होती.

मग ज्यांच्यावर ती सक्तीच नाही त्यांचे काय? ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हेच बंदी घातलेले सिब्युट्रामीन चोरून मिसळलेले देशोदेशीच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडले आहे. कुठे सोनामुखीसारखे रेचक, कुठे लघवी वाढविणारे द्रव्य. चार दिवसांत काटा दोन किलोंनी उतरतो आणि गिऱ्हाईक हरखते. उतरते ते पाणी, चरबी नव्हे. घाटाखालच्या रातांब्याच्या भाऊबंदाचा, गार्सिनियाचा, अर्क गोळीत भरून डॉलरच्या भावाने विकला जातो. चाचण्यांत त्याचा गुण नगण्य ठरला. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. आमसुलाच्या सारात कोणाचे यकृत बिघडत नाही. अर्क काढून मात्रा वाढविली की ‘नैसर्गिक’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

कायदा नाही असे नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो बरा करण्याची जाहिरातच निषिद्ध आहे. पळवाट अशी की, औषधाऐवजी ‘अन्नपूरक’ म्हणून परवाना घ्यायचा. डब्यावरचा अन्न परवान्याचा क्रमांक पाहून ग्राहकाला वाटते की सरकारने गुणाची हमी दिली. त्या क्रमांकाचा अर्थ विक्रेत्याची नोंद झाली इतकाच. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वसंमती आवश्यक करणारा १७० वा नियम २०१८ मध्ये झाला. केंद्राने तो जुलै २०२४ मध्ये वगळला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण मिटताना स्थगितीही उठली. राष्ट्राभिमानाच्या घोषणा देणाऱ्या सरकारने आयुर्वेदाचे रक्षण केले की आयुर्वेदाच्या नावाने बाजार मांडणाऱ्यांचे?

खऱ्या गुणाच्या औषधाची गोष्ट निराळी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. सेमाग्लुटाईडच्या साप्ताहिक टोचणीने ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटल्याचे मोठ्या चाचणीत दिसले. मळमळ-उलट्यांचा त्रास होतो, औषध थांबविले की वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो, आणि डॉक्टरांची देखरेख अनिवार्य आहे. पण हे सर्व माहीत आहे, कारण ते मोजले गेले. अडचण किमतीची आहे. याच वर्गातील मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत लहान साप्ताहिक मात्रेची कुपी ३,५०० रुपयांची होती. म्हणजे पैसेवाल्याला सिद्ध औषध आणि कामगाराला साखळी-विक्रीची भुकटी, अशी ही वर्गवारी आहे.

मावळच्या शेजारी पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला. स्वस्त पेनिसिलीन देणारा हा सार्वजनिक कारखाना पुढे आजारी उद्योगांत ढकलला गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याची जमीन व पुढे तो कारखानाही विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. औषध उद्योगावर सार्वजनिक क्षेत्राचे नेतृत्व असावे, ही १९७५ च्या हाथी समितीची भूमिका फाइलीत गेली.

तालुक्यातील शाखांनी या भुकट्यांचे डबे, पावत्या आणि जाहिरातपत्रके गोळा करावीत, १९५४ च्या कायद्याचा उल्लेख करून पुण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी आणि नमुना तपासणीचा अहवाल लेखी मागावा. तक्रार विकणाऱ्या बाईविरुद्ध नसावी. डब्यावर ज्या कंपनीचे नाव आहे तिच्याविरुद्ध असावी.