सामाईक सातबारा

कोकणात देवळासमोर गाऱ्हाणं घालताना बोलणारा एकच असतो आणि दर वाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा अख्खा गाव. त्या होकारात एकमेकांशी न बोलणारे भाऊबंदही असतात. बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा घेणारे दोघे शिमग्यात एकाच पालखीला खांदा देतात. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हा सगळा देवभोळेपणा वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यात अनेक मोठ्या प्रकल्पांची गाठ मात्र आधी या होकाराशीच पडली.

या एकीची सवय जुनी आहे. खोताच्या विरोधात उभं राहताना कुळांकडे ना पैसा होता ना कागद. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायचंच थांबवलं आणि १९३९पर्यंत संप टिकवला. इतकी वर्षं पेरणी नाही म्हणजे काय, ते ज्याची चूल भातावर चालते त्यालाच कळेल. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं; खोती कायद्याने गेली ती १९४९मध्ये. जमीन हातात येऊन उणीपुरी चार दशकं होत नाहीत तोच तिच्यावर कारखान्यांचे नकाशे उमटू लागले.

रत्नागिरीच्या स्टरलाइट प्रकरणाची आज फारशी आठवण निघत नाही. १९९२ साली तांबे शुद्धीकरणाच्या कारखान्याला तिथे जागा मिळाली होती, बांधकामही सुरू झालं होतं. आंबा बागायतदार, मच्छीमार आणि शहरातली माणसं एकत्र आली आणि १९९३मध्ये काम थांबलं. कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे २२ मे २०१८ला त्याच्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १३ जणांचे जीव गेले. आपण वाचलो, हे खरं. पण कारखाना नाहीसा झाला नव्हता, त्याने फक्त गाव बदललं होतं. हे आठवून आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वेलदूरच्या कोळणींनी एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या वेळी पोलिसांचा मार खाल्ला. नाणारची ६ कोटी टन क्षमतेची रिफायनरी अधिसूचनेसकट २०१९मध्ये मागे घेतली गेली. एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या गाड्यांसमोर बायका रखरखत्या उन्हात आडव्या झाल्या. याच बारसूच्या कातळावर कातळशिल्पं आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली. सरकारदरबारी असा कातळ म्हणजे बहुतेक वेळा पोटखराबा.

या सगळ्या लढ्यांत एक सोय होती: समोरचा दिसत होता. त्याला नाव होतं, हद्द होती, अधिसूचनेचा क्रमांक होता. राजापूर आणि रत्नागिरीच्या मधोमध, मुंबई-गोवा महामार्गावर बसलेल्या लांज्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. इथे कोणी एकदम हजारो एकर मागत नाही. महामार्ग चौपदरी होतो, रस्त्यालगतच्या गुंठ्याचा भाव चढतो, एक काजूची बाग प्लॉटिंगला जाते, मग शेजारची. मोर्चा काढायचा तर कोणावर?

त्यात लांजा आता नगरपंचायत आहे. ग्रामपंचायत असती तर ग्रामसभा बोलावता आली असती. पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ला महामुंबई सेझवर चक्क मतदान केलं, ते गाव म्हणून. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि त्यांचे १७ नगरसेवक असतात. वाडीने एकत्र बसून ठराव करायची जागा उरत नाही. उरते ती १९६६च्या नगररचना कायद्यातली हरकत. विकास आराखडा प्रसिद्ध होतो, कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागतो आणि हरकतीला साधारण महिनाभर मिळतो. त्या नकाशात वाडीचं नाव शोधत बसावं लागतं. ओढा, पाणंद, देवराई यांवर एकच रंग फिरलेला असतो आणि खाली सर्व्हे नंबर मुंगीएवढ्या अक्षरात. तो वाचायला चष्मा लागतो आणि तलाठ्याची ओळखही.

दुसरी मेख सातबाऱ्यात आहे. आपल्याकडे एका उताऱ्यावर वीस-वीस नावं. अर्धी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद न झालेली. या सामाईकपणाला आपण कायम नावं ठेवली. घर बांधायला कर्ज मिळत नाही, बँक दारात उभं करत नाही, ही तक्रार खरीच आहे. पण याच गुंत्याने कैक जमिनी वाचवल्या, कारण सगळ्यांच्या सह्या जमता जमत नाहीत. आता दलालांनी त्यावर तोड काढली आहे. परळला किंवा विरारला राहणारा, गावात दहा वर्षं न आलेला एक हिस्सेदार गाठायचा, त्याचा अविभक्त हिस्सा घ्यायचा आणि मग वाटपाचा दावा लावायचा. नाणारच्या अधिसूचनेच्या आधीच बाहेरच्यांनी तिथे जमिनी घेऊन ठेवल्याचं पुढे उघड झालं, तेव्हा गावकऱ्यांना आपलेच सातबारे नव्याने वाचावे लागले.

हरकती म्हणजे कागदी खेळ, असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचं उदाहरण पाहावं. तिथल्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५च्या फेब्रुवारीत आला. त्यातल्या ढोबळ चुका लोकांनी गल्लीगल्लीतून शोधून काढल्या, हरकतींचा ढीग लागला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. एवढं मोठं शहर, एकमेकांची नावंही न माहीत असलेली माणसं. लांज्यात तर कोणाचा पणजा कोणत्या वाडीतून कुठे गेला, हेही सांगणारं कोणीतरी भेटतं.

चाकरमानी गणपतीला पाच-सात दिवस येतात. आरती, भजन, भाऊबंदांच्या घरी जेवण, एखादा जुना वाद आणि परतीची गाडी. वाडीच्या मुंबई मंडळाची सभाही बहुतेक याच दिवसांत उरकते: देवळाचं छप्पर, वर्गणीचा हिशोब, नमनाची तारीख. यंदा त्याच सतरंजीवर सातबाऱ्याच्या झेरॉक्स पसराव्यात. वारसांची राहिलेली नावं लिहून घ्यावीत, कोणाचा हिस्सा कोणाकडे गेला ते मोठ्याने वाचावं. गाऱ्हाणं घालणारा माणूस तिथे बसलेलाच असतो.